हरणीचं पथ्य

डॉक्टर कुलथ्यांनी घोडीच्या कुशीवर पंजा ठेवला, बोटं आत रुतवली आणि हरवलेलं काही शोधावं तसा डोळे मिटून हात मागंपुढं फिरवला. मग डोळे उघडून त्यांनी आण्णांना विचारलं, “जीनगर, हिच्या बरगड्या कुठं ठेवल्यात?”

“म्हणजे?”

“घोड्याला बरगड्या असतात. हात फिरवला की हाताला लागायला पाहिजेत. मला तर गादी लागतेय.”

आण्णांना हे बोलणं मुळीच आवडलं नाही. घोडीच्या मानेवर हात टाकून ते म्हणाले, “खात्यापित्या घरची आहे ती, डॉक्टर.”

“तेच म्हणतोय. खाणंपिणं सगळं दिसतंय, घोडी तेवढी दिसत नाही.”

चहा घेऊन आलेली आई पदर तोंडाला लावून हसली. मी हसले नाही, कारण माझं लक्ष हरणीच्या पायांकडं होतं. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागं देऊन ती अशी उभी होती की जणू मागं खुर्ची आहे आणि तिला बसायचंय. सकाळपासून ती जागची हलली नव्हती. काटा मोडला असेल म्हणून आण्णांनी पाय उचलून पाहायचा प्रयत्न केला, तर तिनं पाय उचलूच दिला नाही.

ही माझ्या लग्नाआधीची गोष्ट. संगमनेरात तेव्हा कुणाचंही लग्न असो, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघायचा तो आमच्या हरणीवर बसून. आमच्याकडं याला परण्या म्हणतात. उंचीनं ती तट्टूच, पण आण्णांसमोर तिला तट्टू म्हणायची कुणाची टाप नव्हती. आमचे वाडवडील खोगिरं शिवायचे. आण्णांच्या वेळेपर्यंत खोगिरं घेणारे उरले नव्हते, म्हणून ते बॅगा आणि पट्टे शिवायचे. घोडी मात्र त्यांनी हौसेनं ठेवली होती. नाव हरणी, रंग पांढरा, आणि अंग म्हशीचं.

यात तिचा दोष नव्हता. प्रत्येक लग्नघरी नवरदेवाच्या आधी तिलाच ओवाळायचे. कुणी भिजवलेली हरभऱ्याची डाळ पुढं करायचं, कुणी गूळ, कुणी बुंदी. उरलेल्या पुऱ्या पाटीत घालून घरी यायच्या. मग आषाढात लग्नं थांबली की तिला काम नसायचं, पण खाणं तसंच राहायचं. त्यात पावसानं गवत माजलेलं. गौरी-गणपती होईपर्यंत ती पाठीमागून बघणाऱ्याला रांजणासारखी दिसायला लागली होती. आण्णा याला तब्येत सुधारली म्हणायचे.

“खुराला हात लावा,” डॉक्टर म्हणाले.

आण्णांनी वाकून हात लावला आणि चटकन काढला.

“गरम आहे ना? काटा नाही, मुरगळ नाही. खाऊन खाऊन खुरांच्या आत सूज आलीय. आपल्या नखाखाली पू झाला तर कसा ठणका लागतो? त्या ठणक्यावर ही बया सगळं अंग तोलून उभी आहे. असंच चाललं तर आतलं हाड फिरतं. मग घोडं उभंच राहात नाही. मग मला वेगळं इंजेक्शन घेऊन यावं लागेल, आणि ते मला द्यायचं नाहीये.”

आण्णा दावणीच्या कट्ट्यावर बसले. हरणी त्यांच्या खिशाकडं नाक नेत होती.

“माघात मुलीचं लग्न आहे,” आण्णा शेवटी म्हणाले. “जावई हिच्यावर बसून येणार आहे. गावभरचे नवरदेव बसले, माझा जावई नको बसायला?”

“हरकत नाही, बघू कशी सुधारते. जावयाचं वजन किती?”

आईनं कपबशा गोळा करायला घेतल्या. आण्णा गोठ्याचं छप्पर बघायला लागले. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि विषय पुढं वाढवला नाही.

माझं लग्न ठरलं होतं नेवाशाच्या मोहनीराजशी. एसटीच्या डेपोत तो स्टोअरकीपर होता. फोटो आला होता तो खांद्यांपर्यंतचाच. माणूस दारातून आत आला तेव्हा कळलं की फोटोवाल्याचा नाइलाज झाला असणार. पोहे त्यानं मन लावून खाल्ले. आणखी हवेत का म्हणून आईनं विचारलं तर लाजत “चालतील” म्हणाला. मला विचारलं तेव्हा मी “तुम्ही म्हणाल तसं” म्हणाले. आवडला नव्हता असं नाही. आवडला होता असंही नाही. पोहे खाणाऱ्या माणसाबद्दल पोह्यांच्या बशीवरून काय कळणार?

पथ्य माझ्यावर आलं, कारण आण्णांच्यानं ते होणार नाही हे आईला आणि डॉक्टरांना सारखंच ठाऊक होतं. हिरवा घास बंद, डाळ-गूळ बंद, लग्नातलं काहीही बंद. वाळलेलं गवत, तेही आधी पाण्यात भिजत घालायचं, म्हणजे त्यातली साखर निघून जाते, आणि निथळून, मापून, थोडं थोडं द्यायचं. “उपाशी मात्र ठेवायची नाही,” डॉक्टरांनी बजावलं होतं. “जाड जनावराला एकदम उपाशी ठेवलं तर चरबी रक्तात उतरते नि ते दुसऱ्याच दुखण्यानं जातं. हे काम सावकाशीचं आहे.” खुरांवर गार पाणी सोडायचं. पायाखाली नदीची मऊ वाळू पसरायची. ठणका थांबेपर्यंत चालवायचं नाही आणि थांबल्यावर रोज चालवायचं.

दावणीशी रिकामं तोंड घेऊन ती उभी राहिली की सगळी गल्ली हळहळायची. पुढं ती बरी होऊन अंगणात फिरायला लागली, तर कुंपणाकडेचं गवत ओरबाडायची. म्हणून आईनं सुतळीचं मुसकं विणलं, बैलांना घालतात तसं, पण तळाला एक भोक ठेवून, म्हणजे काडी काडी खाता यावी आणि पाणी पिता यावं.

आण्णांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. “चोरासारखं तोंड बांधलंत तिचं. लोक काय म्हणतील?”

“दुसरं विणायला घेतलंय,” आई म्हणाली. “तुमच्या मापाचं.”

आई हे उगाच बोलत नव्हती. हरणीचा तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा, आमची मोजपट्टी होती. आण्णा दर सोमवारी तो बांधून बघायचे आणि बक्कल किती आत गेलं ते सांगायचे. पहिले काही सोमवार बक्कल तसूभरही सरकलं नाही. मी गवत आणखी मापून टाकायला लागले. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, “माप बरोबर आहे तुझं. हिला दुसरीकडून मिळतंय.”

संध्याकाळी आई आण्णांची बंडी धुवायला काढत होती. खिशापाशी मुंग्यांची रांग लागली होती.

“विजू,” आईनं हाक मारली, “तपास लागला गं.”

मी बंडी घेऊन गोठ्यात गेले. आण्णा हरणीच्या कपाळावर हात ठेवून उभे होते. मुसकं बाजूला सरकवलेलं होतं.

“एवढासा खडा असतो,” ते म्हणाले. “तू तिच्या डोळ्यांकडं बघ एकदा. मग बोल.”

“आण्णा, तुम्ही तिच्या पायांकडं बघा.”

त्यांनी खाली बघितलं. हरणी पुन्हा अंग मागं टाकून उभी होती. पहिल्या दिवसाइतकी नाही, पण उभी होती तशीच. आण्णांनी मुठीतला गूळ माझ्या हातात ठेवला आणि मुसकं स्वतः नीट बांधलं. त्यानंतर गल्लीतलं कुणी भाकरीचा तुकडा घेऊन आलं तरी आण्णा दारातच आडवे व्हायचे. “पथ्य आहे तिला,” असं सांगायचे, आणि असं सांगायचे की जणू पथ्याची कल्पना त्यांचीच.

मग मात्र बक्कल सरकायला लागलं. तंगाला नवं भोक पाडायची वेळ आली तेव्हा आण्णांनी आरी घेऊन ते असं हळूच पाडलं, जणू तिला दुखेल. खुरं गार झाली. मी तिला रोज सकाळी प्रवरेच्या काठानं चालवायला न्यायला लागले, आधी थोडं, मग पुलापर्यंत, मग पुलापलीकडं. मानेवर चरबीची जी वळकटी चढली होती ती मऊ पडत गेली. एका सकाळी तिच्या कुशीवरून हात फिरवताना माझ्या बोटांना काहीतरी लागलं. बरगडी होती. मी तिथंच नदीकाठी एकटी हसले.

दिवाळीत मोहनीराज फराळाचे डबे घेऊन आला. घरात बसायचं सोडून “घोडी बघू का?” म्हणाला. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणून मी बरोबर गेले.

मुसकं घातलेल्या हरणीकडं तो बघत राहिला. मग म्हणाला, “हे कुठं मिळतं?”

“आईनं विणलंय.”

“माझ्या आईला शिकवतील का?”

मला हसू आलं, पण मी दाबलं. त्यानं काय झालं होतं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, हाताला न लागणाऱ्या बरगड्या, खुरं, सूज, हाड फिरण्याची भीती, सगळं. तो ऐकत होता तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता. वाकताना त्याला धाप लागली, तरी वाकून त्यानं खुराला हात लावून पाहिला.

“आता गार आहे.”

“हो.”

“वजन पेलेल?”

मी खोटं बोलले नाही. “डॉक्टर म्हणतात, पाय आतून कच्चे आहेत अजून. जड माणूस बसला तर दुखणं पुन्हा उलटेल.”

त्यानं मान डोलावली. जड माणूस म्हणजे कोण, हे आमच्या दोघांच्या मध्ये तसंच उभं राहिलं. मग तो हात झटकून म्हणाला, “आमच्या चकल्या कडक झाल्यात, आईला सांगू नका,” आणि घरात गेला. त्याला कळलं की नाही, की कळून त्यानं टाळलं, मला समजेना. लग्नापर्यंत मला हाच एक विचार पुरला.

पौषाच्या शेवटी डॉक्टरांनी हरणीला अंगणात गोल फिरवून पाहिलं आणि खूश झाले. “वरातीत चालवा, सजवा, नाचवू नका. पाठीवर मात्र कुणी नको. निदान उन्हाळाभर.”

डॉक्टर गेल्यावर आण्णा म्हणाले, “मारुतीचं देऊळ काही काशीला नाही. कार्यालयापासून हाकेवर आहे. तेवढ्यात काय होतंय?”

“आण्णा!”

“मग काय सांगू व्याह्यांना? तुमचा मुलगा जड आहे म्हणून सांगू? जावयाचे कारभारीमामा सुपारीच्या दिवसापासून घोडी घोडी करतायत. आणि दुसऱ्याचा घोडा आणू? माझ्या दारात, माझ्या मुलीच्या लग्नाला?”

त्यांचंही खोटं नव्हतं. मुलीच्या बापानं व्याह्याला असलं काही सांगायचे ते दिवसच नव्हते. आई म्हणाली, “मी सांगते विहीणबाईंना गोड बोलून.”

“कुणी काही सांगायचं नाही,” मी म्हणाले. “त्याला माहीत आहे. दिवाळीला मी सगळं सांगितलंय. सगळं माहीत असून तो तिच्यावर बसला, तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही.”

आई मटकन खाली बसली. “अगं, घोडीसाठी लग्न मोडणार तू?”

“घोडीसाठी नाही.”

आण्णा माझ्याकडं पाहात राहिले. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. उठून गोठ्यात गेले आणि खोगीर पुसत बसले. नवं खोगीर होतं. जावयासाठी स्वतःच्या हातानं शिवलेलं, लाल मखमलीचं. कितीतरी वर्षांनी त्यांनी खोगीर शिवलं होतं.

लग्नाच्या दिवशी मी कार्यालयाच्या माडीवरच्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते. खाली बँड सुरू झाला तशी मी खिडकीशी गेले. कुणी अडवायच्या आत माझी होणारी नणंद शैला साडीचं ताट घेऊन आत आली आणि तीही माझ्या खांद्यावरून डोकावायला लागली.

हरणी दिसत होती छान. पायात घुंगरू, कपाळावर गोंडे, पाठीवर लाल खोगीर. पोट आत, मान ताठ. आण्णा लगाम धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

मोहनीराज बाहेर आला. फेटा, बाशिंग, हातात लिंबू खोचलेली कट्यार, आणि अंगात असा सूट की शिंप्यानं जोडकापड लावलं असणार.

“चला, चढा नवरदेव!” कारभारीमामांनी आवाज दिला. “दोघंजण मागनं हात द्या रे!”

मोहनीराज घोडीजवळ गेला. त्यानं पाय ठेवायच्या रिकिबीला हात लावला. मी खिडकीचा गज धरला. मग तो हात तिथून निघाला, घोडीच्या कुशीवर आला आणि हळूच पुढंमागं फिरला. डॉक्टर फिरवायचे तसा.

“आण्णा,” तो म्हणाला. बँड जरा थांबला होता, म्हणून मला ऐकू आलं. “लागतात की बरगड्या. छान केलीत घोडी.”

आणि त्यानं आण्णांच्या हातातला लगाम घेतला.

“अरे, चढ ना,” मामा म्हणाले.

“चालत जातो, मामा.”

“चालत? नवरदेव चालत? लोक शेण घालतील तोंडात! मानाची घोडी पुढ्यात आणि तू पायी?”

“मग तुम्ही बसता का?”

मामा त्याच्यापेक्षा दोन वीत रुंद होते. मंडळींत हसू फुटलं. मामा लालबुंद झाले. “रिकामं खोगीर देवापुढं नेत नाहीत. अशुभ असतं.”

मोहनीराजनं क्षणभर विचार केला. मग खांद्यावरचा शेला काढून खोगिरावर अंथरला आणि हातातली कट्यार त्याच्यावर नीट आडवी ठेवून शेल्यानं बांधली. “आता रिकामं नाही,” तो म्हणाला. “चला, वाजवा.”

फेट्याच्या शेमल्यानं आण्णांनी तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

वरात निघाली. पुढं बँड, मागं हरणी, आणि तिच्या शेजारून लगाम धरून, फेटा सावरत, डुलत डुलत चाललेला माझा नवरा.

“तरीच!” शैला माझ्या कानाशी म्हणाली. “दिवाळीपासनं दादानं गोड सोडलं होतं, वहिनी. रोज पहाटं उठून चालायला जायचा. कुणी विचारलं की डेपोत काम आहे म्हणायचा. बाजार समितीत धान्य तोलायचा काटा आहे ना, दर बाजारी त्याच्यावर उभा राहायचा. हमालांनी नाव ठेवलं होतं त्याचं, ‘भरलेलं पोतं’. परवा हळदीच्या आदल्या दिवशी जाऊन आला आणि कुणाशी बोलेनाच.”

“किती उतरलं होतं?”

शैलानं ओठ दाबले. “काही नाही. चिमूटभरसुद्धा नाही. रात्रीच्या भाकरी आई मोजत नव्हती ना.”

मी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि काजळ गालावर उतरलं. शैला घाबरून पदरानं पुसायला लागली. तिला वाटलं, मी माहेर सुटतंय म्हणून रडतेय. मी तसंच वाटू दिलं.

मारुतीच्या पाया पडून वरात परत आली तोवर मुहूर्त तोंडावर आला होता. मला खाली नेलं. अंतरपाट धरला गेला. पलीकडं तो उभा राहिला हे मला न बघताच कळलं, कारण भात्यासारखा श्वास चालला होता. गुरुजींनी मंगलाष्टकाचं पहिलं अक्षर तोंडात घेतलं, पलीकडची धाप ऐकली आणि थांबले.

“नवरदेव, दम खा जरा. मुहूर्ताला अजून थोडा अवकाश आहे.”

मांडवभर खसखस पिकली. कारभारीमामासुद्धा हसले. अक्षता मुठीत धरून सगळे नवरदेवाचा श्वास खाली बसायची वाट बघत उभे राहिले. मी मान खाली घालून उभी होते. आता कुणी मला पुन्हा विचारलं असतं, तर “तुम्ही म्हणाल तसं” असं मी म्हणाले नसते.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला. घामानं निथळलेला, बाशिंग वाकडं झालेला मोहनीराज समोर होता. मी टाचा उंचावून त्याच्या गळ्यात हार घातला. माझ्या गळ्यात हार घालायला तो वाकला आणि माझ्याच कानापुरतं बोलला.

“घोडीला कुणी पाणी दाखवलं का?”

“दाखवते,” मी म्हणाले. “आधी तुम्ही प्या.”